भारतीय वेळेनुसार बामाको

पश्चिम आफ्रिकेचं संगीत आपण कधी ऐकलेलंच नाही असं म्हणणारा मराठी माणूस एखाद्या तरी वरातीत 'तम्मा तम्मा'वर नाचलेला असतो. 'थानेदार'मधलं (१९९०) ते गाणं बप्पी लाहिरींचं आणि 'हम'मधलं (१९९१) 'जुम्मा चुम्मा' लक्ष्मीकांत-प्यारेलालांचं. दोन्ही चाली निघाल्या त्या गिनी देशातल्या मोरी कान्ते या गायकाच्या 'तामा' या गाण्यातून. १९८७ सालच्या त्याच्या 'अक्वाबा बीच' या अल्बममध्ये ते आहे. तामा हे काखेत दाबून वाजवायचं छोटं तालवाद्य. दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. आपल्याकडे ठेका पोचला, कान्तेचं नाव वाटेत कुठेतरी राहिलं.

ही ओळख वाढवायची असेल तर माझा सल्ला जुन्या वळणाचा आहे: रेडिओ ऐका. तिथल्या शहराचा, तिथल्या वेळेला. मोबाइलवरच्या तयार याद्यांमध्ये डाकारचं एक, लागोसचं एक, मध्येच केपटाऊनचं एक अशी गाणी येतात. सगळी छान असतात आणि तासाभराने एकही लक्षात राहत नाही. रेडिओवर गाण्याच्या आगेमागे माणसं बोलतात, निधनवार्ता सांगतात, हरवलेल्या ओळखपत्रांची घोषणा करतात, मोबाइल कंपन्यांच्या आणि मॅगी क्यूबच्या जाहिराती लावतात. गाणं कुणासाठी आहे, दिवसाच्या कुठल्या वेळचं आहे, हे न सांगता कळतं.

दुसरं कारण इतिहासातलं आहे. विसाव्या शतकातलं पश्चिम आफ्रिकेचं कितीतरी संगीत रेडिओच्या स्टुडिओत वाढलं, रेडिओच्याच मायक्रोफोनसमोर मुद्रित झालं. घानाची राजधानी आक्रा इथे ३१ जुलै १९३५ रोजी झेडओवाय हे केंद्र सुरू झालं. गव्हर्नर अर्नोल्ड हॉडसन यांनी ते काढलं. हवेतून प्रसारण नव्हतंच. सुमारे तीनशे घरांत तारा ओढून लाकडी खोके बसवले होते आणि त्यांतून मुख्यतः लंडनचे कार्यक्रम ऐकू येत. स्वातंत्र्यानंतर घानाच्या रेडिओने ओळखधून घेतली ती आतुम्पान या बोलक्या ढोलांच्या जोडीवरची. आपल्या आकाशवाणीची धून युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची, हे या निमित्ताने आठवतं.

सगळ्यात अजब गोष्ट गिनीची. २ ऑक्टोबर १९५८ रोजी फ्रान्सपासून वेगळं झाल्यावर अध्यक्ष सेकू तूरे यांनी खासगी वाद्यवृंद मोडीत काढले आणि त्या जागी सरकारी वाद्यवृंद उभे केले. वादकांना पगार, नवे गिटार, सॅक्सोफोन आणि एक अट: परदेशी गाणी बंद, आपापल्या भागातल्या जुन्या चाली शोधा आणि या वाद्यांवर बसवा. ध्वनिमुद्रण सरकारी रेडिओच्या स्टुडिओत होई आणि 'सिलीफोन' या सरकारी कंपनीच्या तबकड्यांवर ते बाहेर पडे. आपल्याकडे त्याच दशकात माहिती-प्रसारणमंत्री बाळकृष्ण केसकर आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांना वेसण घालत होते, त्याचा लाभ रेडिओ सिलोनला झाला. रेडिओवर काय वाजावं हे सरकारने ठरवण्याचे दोन प्रयोग म्हणून दोन्हींकडे पाहता येतं. केसकरांनी शास्त्रीय संगीताला वेळ दिला, तूरेंनी नाचाचं संगीत पोसलं. गिनीतून निघालेलं संगीत विलक्षण आहे, एवढं मात्र कुणीही मान्य करील.

बेंबेया जाझ या वाद्यवृंदाचं उदाहरण घ्या. १९६१ मध्ये बेला नावाच्या आडगावात सुरू झालेला हा चमू पुढे राष्ट्रीय वाद्यवृंद झाला. सेकू दियाबाते हा त्यांचा गिटारवादक. त्याच्या बोटांवर खूश होऊन लोकांनी त्याला 'डायमंड फिंगर्स' म्हणायला सुरुवात केली. फ्रेंचांशी वर्षानुवर्षं लढलेल्या सामोरी तूरेची कथा त्यांनी १९६९ मध्ये एका अख्ख्या तबकडीभर सांगितली. गद्य निवेदन, मध्येच गाणं, पुन्हा निवेदन. पोवाडा ऐकलेल्या कानाला ही बांधणी परकी वाटणार नाही. त्यांचा गायक देंबा कामारा १९७३ मध्ये डाकारमध्ये मोटार अपघातात गेला. याच राजवटीत कॅम्प बोइरो नावाचा तुरुंग होता आणि तिथे हजारो माणसं मेली. पक्षाची स्तुती करणारं एखादं गोड गाणं लागलं तर हेही आठवणीत असू द्या. गिनीच्या रेडिओतल्या जुन्या फितींपैकी नऊ हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणं ग्रॅम काउन्सेल या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ब्रिटिश लायब्ररीच्या प्रकल्पातून डिजिटल करून वाचवली.

मालीत अली फार्का तूरे हा पुढे जगभर गाजलेला गिटारवादक सत्तरच्या दशकात रेडिओ मालीमध्ये ध्वनितंत्रज्ञ होता. नोकरी आणि रियाझ एकाच इमारतीत. तिथेच मुद्रित झालेली त्याची गाणी १९९६ मध्ये 'रेडिओ माली' या नावाने नव्याने निघाली. हा अल्बम मी नवख्याच्या हातात सगळ्यात आधी देईन. गिटार एकच, आवाज एकच, खोलीत भपका काही नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. लघुलहरींवर काटा फिरवत बसण्याचे दिवस या बाबतीत जवळपास संपले. या देशांतली बरीच स्टेशनं आता इंटरनेटवर चालू असतात. पृथ्वीचा गोल फिरवून शहरावर बोट ठेवलं की तिथलं स्टेशन लागतं, असं 'रेडिओ गार्डन' हे नेदरलँड्समध्ये बनलेलं संकेतस्थळ २०१६ पासून आहे. मोबाइलवर ॲपही आहे, मूळ वापर फुकट. लंडन, लेस्टर भागातल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: २०२२ पासून ब्रिटनमध्ये या ॲपवर परदेशी स्टेशनं बंद केलेली आहेत. त्यांनी सरळ स्टेशनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावं. डेटाची चिंता नको. १२८ केबीपीएसचं प्रसारण तासाला साठ एमबीच्या आतच राहतं, आणि तिथली बरीच स्टेशनं त्याहून हलक्या दर्जाची असतात.

गोल हातात आला की माणूस तो भिरभिर फिरवतो. फ्रीटाऊन दोन मिनिटं, नियामे दीड मिनिट, मग चुकून ब्राझील. पहिल्या संध्याकाळी ही हौस करून घ्या, नंतर मात्र एक शहर निवडा आणि महिनाभर तिथेच राहा. रोज अर्धा तास पुरे. तेवढ्यात निवेदकांचे आवाज ओळखीचे होतात, दर तासाला वाजणारी धून पाठ होते, आणि चौथ्यांदा लागलेलं गाणं आपलं वाटायला लागतं. नव्या संगीताची गोडी पुनरावृत्तीतूनच लागते. सिलोनवर 'बिनाका'ची पायदान मोजणाऱ्या पिढीला हे समजावून सांगायला नको.

वेळेचं गणित सोपं आहे. सेनेगल, माली, गिनी, गांबिया, आयव्हरी कोस्ट आणि घाना हे देश ग्रीनिच वेळेवर चालतात, म्हणजे आपण साडेपाच तास पुढे. नायजेरिया, बेनिन, नायजर इथल्यापेक्षा आपण साडेचार तास पुढे. आपण सकाळी आठला चहा घेत असतो तेव्हा बामाकोत रात्रीचे अडीच वाजलेले असतात आणि स्टेशनवर बहुधा संगणकच गाणी लावत असतो. त्याला नावं ठेवू नका. निवेदनाशिवाय सलग संगीत हवं असेल तर हीच वेळ चांगली. दुपारी बारानंतर तिथली सकाळ सुरू होते. पण आक्रात सकाळ म्हणजे राजकारणाच्या चर्चा आणि फोनवरची भांडणं, गाणी थोडी. आपल्या रात्री साडेआठ ते साडेअकरा या वेळात आक्रा कचेरीतून घरी निघालेलं असतं आणि निवेदक गाणी लावण्याच्या मूडमध्ये असतात. जेवण उरकून ऐकायला याहून चांगली वेळ नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना हीच संध्याकाळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सापडेल.

वार सांभाळा. डाकार, बामाको, कोनाक्री ही मुस्लिमबहुल शहरं. शुक्रवारी त्यांच्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे साडेसहानंतर, प्रवचन आणि नमाज असते. रमजानमध्ये कार्यक्रमांचा सगळा क्रमच बदलतो. आक्रात आणि लागोसमध्ये रविवार सकाळ चर्चच्या गाण्यांची. स्टेशन बदलू नका, उलट मुद्दाम ऐका. घानाचं गॉस्पेल बऱ्याचदा हायलाइफच्याच चालींवर चालतं. शनिवारी संध्याकाळी मात्र इंग्लिश फुटबॉलचं समालोचन लागलं तर चरफडण्यात अर्थ नाही, दुसरं स्टेशन लावा.

कुठलं शहर निवडावं हे तुमचा कान कशावर पोसला आहे त्यावर ठरवा.

नाचाची, ब्रास बँडची आवड असेल तर आक्रा. हायलाइफ हे तिथलं मूळ संगीत. बंदरावरच्या खलाशांचा गिटार, लष्करी बँडची पितळी वाद्यं आणि स्थानिक चाली यांतून ते घडलं. ई. टी. मेन्सा आणि त्याचा 'टेंपोज' हा चमू या संगीताचा पाया. १९५६ मध्ये लुई आर्मस्ट्राँग आक्राला आला तेव्हा त्यांच्याबरोबर वाजवून गेला. गोव्यातल्या ज्या घरांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पिढीजात आहेत तिथे हायलाइफ लगेच रुजेल असा माझा अंदाज आहे. गोयकारांसाठी दुसरंही एक दार उघडं आहे: केप व्हर्दे बेटं. पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिलेल्या या बेटांचं मोर्ना हे संथ, हुरहुरतं गाणं २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. सेझारिया एव्होराने ते जगभर नेलं. लिस्बनहून चालणारं 'आरडीपी आफ्रिका' हे स्टेशन पोर्तुगीज भाषक आफ्रिकेचं संगीत दिवसभर लावतं. मांडो ज्यांच्या कानात आहे त्यांना तिथे अनोळखी वाटणार नाही.

लागोस निवडलंत तर गर्दीची तयारी ठेवा. नवी पिढी बर्ना बॉय, विझकिड, टेम्स ऐकते. 'काम डाउन'वाला रेमा २०२३ मध्ये मुंबईत येऊन गायलाही. पण योरुबा भाषेच्या स्टेशनवर गेलात तर वेगळंच जग आहे. किंग सनी आदे आणि एबेनेझर ओबे यांचं जुजू: चार-पाच गिटार एकमेकांत गुंफलेले, मध्ये बोलका ढोल, आणि पंचवीस मिनिटांचं एक गाणं. शिवाय फुजी. रमजानमध्ये पहाटे लोकांना उठवत फिरणाऱ्या पोरांच्या गाण्यातून ते निघालं आणि सिकिरू अयिंदे बॅरिस्टर याने त्याला रूप दिलं. त्यात सुरांची वाद्यं जवळपास नसतातच, सगळा कारभार ताल आणि आवाज यांचा. फेला कुटीचा आफ्रोबीट जगाला माहीत आहे, म्हणून त्याच्याबद्दल इथे जागा खर्च करत नाही. एवढंच सुचवतो की फेला ऐकताना टोनी ॲलनच्या ड्रमवर कान ठेवा.

डाकारला यूसू एन्दूर या गायकाच्या स्वतःच्या मालकीचं 'आरएफएम' हे स्टेशन आहे. गायकाने रेडिओ चालवावा हे फार कमी शहरांच्या नशिबी येतं. तिथलं म्बालाख हे संगीत सुरुवातीला धावपळीचं वाटतं, कारण साबार ढोल गायकाच्या पुढेमागे सारखे उड्या मारत असतात. म्हणून डाकारची सुरुवात ऑर्केस्ट्रा बाओबाबपासून करावी. १९७० मध्ये बाओबाब क्लबसाठी जमलेला हा चमू. क्युबाचं संगीत तबकड्यांवरून पश्चिम आफ्रिकेत १९३० च्या दशकापासून येत होतं, त्याची सावली या चमूच्या प्रत्येक गाण्यावर आहे. गुलामांच्या जहाजातून जे ताल अटलांटिकपार गेले ते असे ग्रामोफोनवरून परतले.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांनी बामाकोला जावं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

माली, गिनी, गांबिया आणि सेनेगलच्या काही भागांत जेली नावाची गवयांची घराणी आहेत. फ्रेंचांनी त्यांना ग्रिओ म्हटलं. कुयाते, दियाबाते, सिसोको ही आडनावं ऐकलीत की समजा, हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलंय. राजांच्या वंशावळी, लढायांच्या कथा, यजमानाची स्तुती. तेराव्या शतकातल्या सुंजाता या माली साम्राज्याच्या संस्थापकाची कथा यांच्याच तोंडी टिकली. सालिफ केता हा मालीचा सगळ्यात मोठा गायक सुंजाताच्याच वंशातला मानला जातो, आणि म्हणूनच त्याने गाणं हा घरच्यांना कमीपणा वाटला: राजाच्या कुळातल्याने गायचं नसतं, त्याच्याविषयी इतरांनी गायचं असतं. तो गायला तो बामाको स्टेशनच्या हॉटेलात, रेल्वेच्या आश्रयाने १९७० मध्ये उभ्या राहिलेल्या 'रेल बँड'मध्ये. मोरी कान्तेही त्याच बँडमधला.

जेलींचं प्रमुख वाद्य कोरा. मिरजेच्या तंबोऱ्यासारखा याचाही पाया भोपळा. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं, वर लांब दांडा आणि दोन रांगांत २१ तारा. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या, एवढीच बोटं वाजवतात. कानाला मात्र तीन माणसं वाजवतायत असं वाटतं. खाली अंगठ्यांनी एक आकृती सारखी फिरत राहते, तिला कुम्बेंगो म्हणतात. तिच्यावर मधूनच वरून खाली धबधब्यासारख्या ताना येतात, त्या बिरिमिंतिंगो. ऐकण्याची युक्ती अशी: पहिली काही मिनिटं तानांकडे लक्षच देऊ नका. तबला सोलोच्या वेळी आपण लेहरा मनात धरून ठेवतो तसा कुम्बेंगो धरून ठेवा, तो गुणगुणता आला पाहिजे. मग ताना आपोआप कळतात, कारण त्या कुठून सुटल्या आणि कुठे परतल्या हे दिसायला लागतं. सरावासाठी तुमानी दियाबातेचं 'काइरा' (१९८८) हे एकट्या कोराचं ध्वनिमुद्रण उत्तम. लुसी ड्युरान यांनी त्याची निर्मिती केली. पुढे बीबीसीच्या रेडिओ-३ वरून त्यांनी या संगीताची ओळख अनेक श्रोत्यांना करून दिली. तुमानी २०२४ च्या जुलैत गेला. अली फार्का तूरेबरोबरचं त्याचं 'इन द हार्ट ऑफ द मून' (२००५) बामाकोतल्या एका हॉटेलात नायजर नदीकाठी मुद्रित झालं. रात्री दिवा मालवून ऐकायचं असेल तर तेच.

कोरा लावण्याच्या ठरावीक पद्धती आहेत. त्यांतल्या साउता नावाच्या लागणीत मध्यम चढा असतो. तीव्र मध्यम कानावर पडला की आपण लगेच यमन शोधायला लागतो. शोधू नका. स्वर तेच असले तरी त्यांची चाल यमनची नाही, न्यास कुठे करायचा याचे नियम वेगळे, आणि राग शोधण्याच्या नादात समोरचं हातचं जातं. बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे स्वर तर आपल्या सप्तकाशी जुळतच नाहीत. ते बेसूर नाही, त्याचं सप्तक जवळजवळ सारख्या अंतराच्या सात पायऱ्यांचं आहे. दोन-चार दिवसांत कान सरावतो.

याच वाद्यांत एक झणझणाट ऐकू येईल. मोबाइलचा स्पीकर फाटला असं समजू नका. कोराच्या घोडीवर कड्या लावलेला पत्रा बसवत, बालाफोनखालच्या भोपळ्यांना भोक पाडून त्यावर कोळ्याच्या कोशाचा पातळ पडदा लावत. सूर स्वच्छ निघाला तर तो अपुरा मानायचा, अशी ही दृष्टी. जवारी लावलेल्या तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे पटकन उमजतं. या मुद्द्यावर आपण युरोपातल्या श्रोत्यांच्या बरंच पुढे आहोत.

तालाची अडचण वेगळी आहे. आपल्याला समेची वाट पाहायची सवय. इथे ती गाठ पडत नाही. बऱ्याच गाण्यांत बारा छोट्या मात्रांचं आवर्तन असतं. एकताल म्हणून मोजायला बसाल तर हरवाल. त्यातल्या तीन-तीनच्या चार गटांवर पाय टाका, कारण नाचणारे तिथेच पाय टाकतात. पायाने तेवढं धरून ठेवलं आणि मग दुसऱ्या कुणी चार-चारचे गट वाजवत ताण दिला की आड लयीची मजा सुरू होते. घानाच्या तालवृंदांत हा ताण लोखंडी घंटा सांभाळते. ढोल कितीही गडगडोत, कान त्या घंटेवर ठेवायचा. खुर्चीत बसून हे अर्धंच कळतं. घरात कुणी नसेल तर उठून पावलं टाकावीत.

शब्द कळत नाहीत याचा फार बाऊ करू नये, पण विषय काय आहे एवढं शोधून काढायला हरकत नाही. उमू सांगारे ही मालीतल्या वासुलू भागाची गायिका. तिच्या 'मुसोलू' या १९८९ च्या पहिल्या कॅसेटने दोन लाखांवर खप गाठला. बहुपत्नीत्व आणि मुलींची लादलेली लग्नं यांच्याविरुद्ध ती सरळ, नावानिशी गाते. हे माहीत असलं की मागच्या बायकांच्या साथीतला होकार वेगळा ऐकू येतो. जेलींच्या गाण्यात मध्येच नावांची माळ लागली तर ती यजमानांची नावं. पैसे कुणी दिले ते तिथे कळतं.

मार्गदर्शक हवा असेल तर अमेरिकेतला 'ॲफ्रोपॉप वर्ल्डवाइड' हा इंग्रजी कार्यक्रम १९८८ पासून चालू आहे. कॅमेरूनच्या जॉर्ज कोलिने यांचा घोगरा, मिश्कील आवाज ही त्याची ओळख. एका भागात एकच विषय घेऊन ते तासभर खोलात जातात आणि जुने भाग ऐकायला मिळतात. फ्रेंच येत असेल, किंवा येत नसलं तरी, 'आरएफआय' या फ्रेंच आंतरराष्ट्रीय रेडिओवर क्लॉडी सियार १९९५ पासून 'कुलर त्रोपिकाल' करतात. फ्रान्सच्या 'फिप' या स्टेशनची जगभरच्या संगीताची स्वतंत्र वाहिनीही आहे, निवेदन जवळपास शून्य. हे कार्यक्रम चांगलेच आहेत, पण ते पॅरिसच्या किंवा न्यूयॉर्कच्या श्रोत्यासाठी निवडलेलं वाढतात. आठवड्यातून एकदा ते आणि एरवी तुमचं शहर, असा बेत ठेवा.

आवडलेलं गाणं पकडून ठेवणं ही या छंदातली खरी झटापट आहे. गाणी ओळखणारी ॲप लागोसच्या नव्या गाण्यांवर चालतात, मालीच्या स्थानिक ध्वनिमुद्रणांवर बऱ्याचदा हात टेकतात. म्हणून वही जवळ ठेवा: तारीख, वेळ, स्टेशन, वाद्यं, बाई की पुरुष, ऐकू आलेला एखादा शब्द. मोबाइलवर अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवा. निवेदक गाण्याआधी किंवा नंतर गायकाचं नाव घेतोच, ते जसं ऐकू येईल तसं देवनागरीत लिहा. देवनागरी इथे फार उपयोगी पडते, कारण रोमन लिपीत एकाच नावाची फ्रेंच आणि इंग्रजी अशी दोन रूपं असतात. फ्रेंच अमलाखालच्या देशांतले दियाबाते गांबियात जोबार्ते होतात, घराणं तेच. शोधताना दोन्ही प्रकारे टाकून पाहा. स्टेशनच्या फेसबुक पानावर वेळ लिहून गाण्याचं नाव विचारलं तर उत्तर येण्याची शक्यता असते. पुण्याहून किंवा नागपूरहून कुणी ऐकतंय याचं त्यांना अप्रूप वाटतं.

जुनं संगीत विकत घ्यायचं असेल तर 'ॲनालॉग आफ्रिका', 'सहेल साउंड्स' अशा छोट्या कंपन्यांकडून घ्यावं. 'सहेल साउंड्स'ची सुरुवात मजेशीर आहे. सहाराच्या काठावर गाणी मोबाइलच्या मेमरी कार्डांवरून एकमेकांना दिली जात होती. ती गोळा करून २०११ मध्ये त्यांनी अल्बम काढला. तुआरेग गिटारवादक एम्दू मोक्तार त्या वाटेनेच बाहेर आला.

नायजेरियाच्या उत्तरेला कानो शहराचं एखादं हौसा भाषेतलं स्टेशन कधीतरी नक्की लावा, 'फ्रीडम रेडिओ' उदाहरणार्थ. लेबनीज व्यापाऱ्यांनी पन्नासच्या दशकापासून तिथे हिंदी सिनेमे आणले आणि पिढ्या त्यांवर वाढल्या. हौसा सिनेमाच्या गाण्यांत लताबाईंच्या जुन्या वळणांची छाप ऐकू येते. कानोचे सूफी गायक तर डफावर पैगंबरांची स्तुती हिंदी फिल्मी चालींवर गातात, त्याला बांदिरी म्हणतात. डाकारमध्येही हिंदी गाण्यांवर जीव टाकणारी मंडळी आहेत, त्यांचे रेडिओ-कार्यक्रम आणि नाचाचे गट आहेत. भाषा त्यांनाही कळत नव्हती.

काही वेळा स्टेशन लागणारच नाही. मालीत मार्च १९९१ मध्ये हुकूमशाही पडल्यावर खासगी आणि गावोगावची स्टेशनं भराभर निघाली. २०१२ मध्ये उत्तर भाग सशस्त्र गटांच्या हाती गेला तेव्हा त्यांनी रेडिओवरचं संगीत बंद पाडलं, कलावंत दक्षिणेला पळाले, आणि बामाकोत आलेल्या अशाच पोरांनी 'साँघॉय ब्लूज' हा बँड काढला. २०२२ मध्ये मालीच्या लष्करी सरकारने 'आरएफआय'चं प्रसारण देशात थांबवलं, पुढे बुर्किना फासो आणि नायजरनेही तेच केलं. तेव्हा आज लागलेलं स्टेशन उद्या गप्प असेल तर कारण राजकारण असू शकतं, वीज गेलेली असू शकते, किंवा इंटरनेटचं बिल थकलेलं. दोन-तीन दिवस वाट पाहा. तोवर त्याच शहरातलं दुसरं स्टेशन लावून ठेवा. दोन स्टेशनांचे पत्ते आधीच लिहून ठेवलेले असले की महिन्याचा क्रम मोडत नाही.